रोजच्या फोटोंसाठी फिल्म की डिजिटल? आधी निगेटिव्ह कुठे ठेवणार ते ठरवा

फिल्मचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल, असे हल्ली मला बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे असतात, म्हणजे त्यांना कळायला लागण्यापूर्वीच ज्यांच्या घरात रोल धुवायला टाकण्याची पद्धत संपली होती असे. मी ग्रेनबद्दल, रंगांबद्दल, मेगापिक्सेलबद्दल काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी मात्र त्यांना उलट विचारते, की लॅबमधून निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या, परत आणणार का, आणि आणल्या तर घरात कुठे ठेवणार? ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही त्याने रोजच्या वापरासाठी फिल्मच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोजची फोटोग्राफी म्हणताना लग्नकार्ये, सहली किंवा पैसे घेऊन केलेले काम मला अभिप्रेत नाही. कॅमेरा बॅगेत डब्याशेजारी पडलेला असतो आणि ऑफिसला जाता-येता, बाजारात, जिन्यात, गॅलरीत काही दिसले की बाहेर निघतो, एवढीच ही फोटोग्राफी. काढताना हे फोटो क्षुल्लक वाटतात आणि त्यांचे मोल पुष्कळ उशिरा कळते. बेस्टच्या जुन्या डिझेलवर चालणाऱ्या डबलडेकर बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आणि ऑक्टोबर संपता संपता प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली. तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी निरोपाचे फोटो काढले. पण त्या टॅक्सीच्या छताला आतून लावलेले फुलाफुलांचे रेक्झिन, डाव्या अंगाला बाहेर बसवलेले लोखंडी मीटर, खिडकीची काच खाली करण्यासाठी फिरवायचा तो हँडल, असे नित्याच्या प्रवासात सहज टिपलेले फोटो शोधू गेल्यावर जवळजवळ कोणाकडेच निघाले नाहीत. म्हणून काढलेला फोटो वीस वर्षांनी कोणत्या रूपात हाती येणार आणि तोवर त्याला कोण सांभाळणार, या दृष्टीने मी कॅमेऱ्याकडे पाहते.

आता रोल लॅबला दिल्यावर काय होते ते पाहू. रंगीत निगेटिव्ह फिल्म जगभर सी-४१ नावाच्या एकाच प्रक्रियेने धुतली जाते. तिच्या डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद, हे ठरलेले आहे. त्यात लॅबच्या मर्जीला फारसा वाव नाही. वाव आहे तो पुढच्या पायरीत. धुतलेल्या निगेटिव्हचा आधार नारिंगी असतो, आणि तो नारिंगी रंग वजा करून, चित्र उलटवून, त्वचा किती पिवळी आणि सावली किती निळी ठेवायची हे स्कॅनर किंवा त्याच्यापुढे बसलेला माणूस ठरवतो. एकच पट्टी दोन लॅबमध्ये स्कॅन करून घेतली तर एकीकडून संध्याकाळ कोवळी, पिवळसर येते आणि दुसरीकडून तीच हिरवट निळी. ज्याला लोक फिल्मचा लूक म्हणून नावाजतात त्याचा बराचसा भाग त्या खुर्चीवर बसून ठरलेला असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. मग फोटोंची लिंक येते, साधारण सहा मेगापिक्सेलच्या जेपेग फायली उतरवून घेतल्या जातात, त्यांतल्या दोन-चार इतरांना पाठवल्या जातात, आणि निगेटिव्ह लॅबमधल्या पाकिटात पडून राहतात. न नेलेल्या निगेटिव्ह काही काळाने टाकून देणाऱ्या लॅब आहेत, आणि त्यांचाही नाइलाज असतो, कारण मुंबईत जागेचे भाडे भरून परक्याच्या निगेटिव्ह कोण सांभाळणार? अशा गिऱ्हाइकाच्या हाती शेवटी जे उरते तो दुसऱ्याने रंग ठरवलेला, मध्यम आकाराचा एक डिजिटल फोटोच असतो, आणि त्यासाठी त्याने डिजिटलच्या अनेक पट पैसे मोजलेले असतात.

निगेटिव्ह घरी आणली की मात्र चित्र बदलते. मोबाइलचा पांढरा पडदा लावून त्यावर सहा चौकटींची पट्टी धरली, की आकाश काळसर, केस पांढरे आणि सगळे नारिंगी दिसते, आणि भिंगातून पाहिले की स्कॅनमध्ये पार काळवंडलेल्या कोपऱ्यात बसलेली व्यक्तीही ओळखू येते. आज त्या पट्टीचा एक स्कॅन झाला, दहा वर्षांनी त्याहून चांगला होईल, आणि मनात आले तर डार्करूममध्ये तिची प्रिंटही निघेल.

मी हे एवढे ठासून सांगते त्यामागे एक पाहिलेली गोष्ट आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझ्या मावशीच्या कलिन्यातल्या तळमजल्यावरच्या घरात कमरेच्या वर पाणी होते. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडले तर प्रिंट प्लास्टिकला अशा चिकटल्या होत्या की ओढल्यावर चेहरे प्लास्टिकवरच राहिले. निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या आणि डब्यात चिखल भरला होता. माझे काका पूर्वी छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी फिल्म काढण्याच्या कामावर, होते; त्यांनी त्या कोणाला वाळवू दिल्या नाहीत. ओली फिल्म पाकिटातच वाळली तर तिच्यावरचे जिलेटिन कागदाला धरते आणि सोडवताना चित्रच उचलून येते, म्हणून त्यांनी सगळ्या पट्ट्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत तशाच बुडवून ठेवल्या, पाणी बदलत राहिले, आणि मग एकेक पट्टी कडेला धरून, बोट न लावता, पाण्याखालीच अलग केली. दोरीवर प्रत्येक पट्टीला वर एक चिमटा आणि खाली वजनासाठी एक चिमटा लावला होता. त्या निगेटिव्ह पुढे स्कॅन झाल्या. कडांना चिखलाचे ठिपके आहेत, पण माणसे सगळी शाबूत आहेत. त्याच घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र दुरुस्तीवाल्याने हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता बाजूला ठेवली.

यावरून फिल्म डिजिटलपेक्षा टिकाऊ असे कोणी म्हणू लागले तर तेही मला मान्य नाही. त्या हार्ड डिस्कची एक प्रत पुण्याच्या नातेवाइकांकडे असती तर पुराने त्या फोटोंचे काहीच बिघडले नसते. डिजिटलवाल्यांचा जुना नियम आहे, की तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात. निगेटिव्हची प्रत मात्र एकच असते, आणि तीही मुंबईच्या हवेत. फिल्मचा आधार बहुधा अॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो कुजू लागतो आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास येतो. एकदा हा वास येऊ लागला की तो बिघाड मागे फिरवता येत नाही. त्यामुळे निगेटिव्ह स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नयेत, पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांत ठेवू नयेत. पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घालून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि पावसाळ्यात ते जेल अधूनमधून तापवून पुन्हा कोरडे करावे. एवढे करण्याची तयारी असेल तर फिल्मचा पुढचा विचार करण्यात अर्थ आहे.

पुढचा विचार अर्थातच पैशांचा. एकेकाळी तमिळनाडूत उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याच्या ‘इंदू’ नावाच्या कृष्णधवल फिल्मवर आणि कागदावर हौशी लोकांची एक पिढी शिकली. तो बंद पडला, आणि आता दुकानात दिसणारा रोल परदेशातून येतो: कोडॅकचा अमेरिकेत रॉचेस्टरला तयार झालेला, इलफर्डचा इंग्लंडमधला. डॉलर-पौंडाचा भाव, आयात आणि वाहतूक यांचा भार त्यावर चढतो. हिशेबापुरते धरू, की साधा रंगीत रोल हजार रुपयांचा आणि धुण्या-स्कॅनचे पाचशे. ३६ चौकटींना दीड हजार, म्हणजे एका चौकटीला सुमारे ४२ रुपये. आठवड्याला एक रोल संपवला, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच फोटो काढले, तर वर्षाचे ७८ हजार रुपये होतात. तेवढ्यात चांगल्यापैकी सेकंडहँड डिजिटल कॅमेरा येऊन वर पैसे उरतात. पेंटॅक्सने २०२४ मध्ये काढलेल्या ‘१७’ या हाफ-फ्रेम, म्हणजे अर्ध्या आकाराच्या चौकटीच्या, कॅमेऱ्यात एका रोलवर ७२ फोटो निघतात आणि चौकटीचा खर्च निम्म्यावर येतो खरा, पण कॅमेऱ्याची किंमत भागवण्यातच बरेच रोल खर्ची पडतात. हा आकडा ऐकून ‘पण त्यामुळे माणूस विचार करून फोटो काढतो’ असे काही जण म्हणतात. मला हे अर्धेच पटते. ४२ रुपयांची धास्ती घेतलेला माणूस विचार करतो आणि फोटो काढायचा टाळतो, आणि मग रोजच्या फोटोंऐवजी पुन्हा सणासुदीचेच फोटो निघतात.

प्रकाशाच्या बाबतीत दोघांचे स्वभाव उलटे आहेत, आणि हे मुंबईत चांगले जाणवते. रंगीत निगेटिव्ह फिल्मला प्रकाश जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. त्यामुळे तिथे प्रकाशाची मोजणी सावलीवरून करावी. डिजिटलला सावलीत दडलेले पुष्कळसे बाहेर काढता येते, पण पांढरे एकदा जळले की तिथे काहीच उरत नाही, म्हणून तिथे उजेडाची बाजू सांभाळावी. दादरच्या फुलबाजारात पहाटे एलईडी दिव्याखाली झेंडूचा ढीग असतो, त्याचा फोटो डिजिटलवर काढून बघा. मागच्या पडद्यावर एकंदर उजेड ठीक दिसतो, पण रंगवार हिस्टोग्राम, म्हणजे प्रत्येक रंगाच्या उजेडाचा आलेख, उघडला तर लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो, आणि फोटोत पाकळ्यांऐवजी एकसलग केशरी डाग दिसतो. एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने उतरवले, म्हणजे प्रकाश निम्मा केला, आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घेतली तर पाकळ्या परत येतात. रंगीत निगेटिव्हवर असा ढीग काहीही न करता पाकळ्यांसकट येतो, आणि फिल्मच्या बाजूचे हे मला सगळ्यात खरे कौतुक वाटते.

पण त्याच बाजारातून निघून लोकलमध्ये चढलो की बाजी उलटते. संध्याकाळच्या डब्यातल्या दिव्यांवर आयएसओ (म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता, फिल्मचा ‘वेग’) ४०० चा रोल, एफ/२ अॅपर्चर (लेन्सचे उघडे तोंड) आणि फार तर १/६० सेकंद एवढेच जमते. हलत्या गाडीत, दाराशी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा त्यात हलतो, आणि एफ/२ ला फोकस दोन बोटे पुढेमागे झाला तर डोळ्यांऐवजी कान नेमका येतो. डिजिटलवर आयएसओ ३२०० केले की एफ/२.८ ला १/२५० सेकंद मिळतो, आणि पुढच्या स्टेशनावर उतरून उन्हात आल्यावर पुन्हा आयएसओ २०० करता येतो. रोल मात्र एकदा भरला की ३६ चौकटी संपेपर्यंत त्याच वेगाचा राहतो, मग बाहेर मे महिन्याची दुपार असो की भुयारी मार्ग.

हवेबद्दल तर एक वेगळा लेख होईल, तरी दोन गोष्टी सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली आणि आता तिच्यातून उतरल्यावर थंड लेन्सवर बाहेरची वाफ धरणे हा रोजचा प्रकार झाला आहे. डिजिटल असो वा फिल्मचा एसएलआर, दोन्हीत लेन्समधूनच पाहत असल्याने धुके दिसते आणि माणूस थांबतो. रेंजफाइंडर किंवा साध्या फिल्म कॅमेऱ्याचे व्ह्यूफाइंडर लेन्समधून पाहत नाही. त्यातून सगळे स्वच्छ दिसते आणि रोल धुऊन आल्यावर कळते की फलाटावरच्या सगळ्या चौकटी दुधाळ आहेत. गाडीत असतानाच कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवावा आणि उतरल्यावर काही मिनिटे तसाच राहू द्यावा, एवढाच याला उपाय. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवत असाल तर हीच काळजी डबीबाबत घ्यावी; बाहेर काढल्यावर ती तास-दीड तास उघडू नये. दुसरी गोष्ट म्हणजे लेन्सला लागणारी बुरशी, जी फिल्म-डिजिटल असा भेद करत नाही. कपाटात कातडी केसमध्ये जपून ठेवलेला कॅमेरा पहिल्यांदा जातो आणि रोज बाहेर निघणारा वाचतो. हौसेने घेऊन ठेवून दिलेल्या फिल्म कॅमेऱ्यांची संख्या पाहता त्यांची लेन्स अधिक बिघडलेली दिसते यात नवल नाही. ड्राय कॅबिनेट, म्हणजे हवा कोरडी ठेवणारे कपाट, घेतलेच तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी.

फिल्मच वापरायची असेल तर कृष्णधवल वापरावी आणि घरी धुवावी, असा माझा आग्रह असतो. खर्च उतरतो, निगेटिव्ह आपोआप घरात राहतात, आणि लॅबच्या खुर्चीवरचा माणूस मधून निघून जातो. इलफर्डचा एचपी५ प्लस हा कृष्णधवल रोल आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटे धुवायचा असतो. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला कोमट लागते. तापमान वाढले की वेळ कमी करावी लागते, आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की चित्र सारखे उमटत नाही. म्हणून आदल्या रात्री बर्फाच्या बाटल्या करून ठेवायच्या आणि परातीत पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या उभ्या करायच्या. केवळ डेव्हलपर थंड करून भागत नाही. धुण्याचे शेवटचे पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचे लागते, नाहीतर जिलेटिन आखडून त्यावर बारीक जाळी पडते. जुलैत फिल्म वाळायला लागणारा वेळ मोजण्यात अर्थ नाही. न्हाणीघरात आधी गरम पाण्याचा शॉवर सोडून धूळ खाली बसू द्यावी, फिल्म टांगावी, दार लावून घ्यावे आणि घरातल्यांना आंघोळी आधी उरकून घ्यायला सांगावे. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे.

या सगळ्यात आनंद आहे, पण तो रोजच्या फोटोग्राफीचा आनंद आहे का, याची मला शंका वाटते. मी स्वतः बॅगेत छोटा डिजिटल कॅमेरा बाळगते, आणि फिल्म एखादा ठरवलेला विषय असेल तेव्हाच भरते. डिजिटलचा दोष वेगळा आहे आणि तो कॅमेऱ्यात नसून आपल्यात आहे: काढलेले उतरवले जात नाही, उतरवलेले निवडले जात नाही, निवडलेले छापले जात नाही. फोनवर तर याचा कहर होतो, कारण तिथे रेशनकार्डाचा फोटो, भाजीच्या यादीचा फोटो आणि आजीचा फोटो एकाच रांगेत जातात. महिन्याच्या शेवटी बसून त्यातले पंधरा-वीस फोटो बाजूला काढणे, बाकीचे बेधडक पुसणे, आणि वर्षाकाठी शंभरेक प्रिंट काढून मागे पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहिणे, एवढी शिस्त ज्याने लावून घेतली त्याला फिल्मची उणीव भासणार नाही. निवड फिल्मवर शटर दाबण्यापूर्वी करावी लागते, डिजिटलवर नंतर. पण करावी दोन्हीकडे लागते. वेगळा कॅमेरा हवाच का, याचे उत्तर मी होय असेच देईन, कारण फोन खिशातून काढल्यावर फोटो काढण्याआधी तीन निरोप दिसतात.

माझ्या भाच्याला हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आत्या, ते सगळं पटलं, पण मला तो आवाज आवडतो.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण शटरचा तो आवाज मलाही आवडतो. तेव्हा ज्यांना फिल्मचा कॅमेरा घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी खरेदीबद्दल थोडे. सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात फिरून किमतींचा अंदाज घ्यावा; चोरबाजारातला कॅमेरा स्वस्त असतो, पण तो कपाटावर ठेवायला चांगला. लेन्समधून मागून टॉर्च मारून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे, मागचे दार उघडून प्रकाश अडवणारा कडेचा काळा फोम बोटाला चिकटतो का ते पाहावे, आणि एक सेकंदापासून वरपर्यंत शटरचा प्रत्येक वेग कानाने तपासावा. बजेट असेल तर निकॉनचा एफएम२ घ्यावा, त्याचे शटर पूर्ण यांत्रिक असून सेल केवळ प्रकाशमापकाला लागतो. तरुण मंडळींची मागणी असते ती याशिकाच्या इलेक्ट्रो ३५ ला. १९६६ पासून आलेल्या या कॅमेऱ्याची एफ/१.७ लेन्स खरोखर सुरेख आहे, पण त्याला लागणारा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही आणि अॅडॉप्टर लावून आजचा सहा व्होल्टचा सेल घालावा लागतो. दुकानदार “सेल नाही, पण कॅमेरा चालू आहे” म्हणून खटका दाबून दाखवू लागला तर अॅडॉप्टर आणि सेल घालूनच पुन्हा दाखवायला सांगावे, कारण इलेक्ट्रोचे शटर सेलशिवायही अगदी ऐटीत उघडते, फक्त प्रत्येक वेळी १/५०० सेकंदालाच.